सहा माणसं, सहा स्टोव्ह

हावगेप्पाची चूल बावीस वर्षांत कुठल्याही एका जागी चार दिवसांच्या वर पेटली नाही. पैमाईशच्या पार्टीचा आचारी म्हटल्यावर त्याला इलाज नव्हता. पार्टी जमिनी मोजत पुढं सरकायची. आधी साखळी, साखळीमागं नकाशाची फळी, फळीमागं सर्व्हेअर आणि सगळ्यांच्या मागं भीमण्णाची बैलगाडी. गाडीत तंबू, दप्तराच्या पेट्या, दोन पातेली, एक तवा, एक गॅसबत्ती, आणि या सगळ्यांवर बसलेला हावगेप्पा.

पार्टीत माणसं सहा. तिघांच्या गळ्यात लिंग होतं, तिघांच्या नव्हतं. लिंगवाल्यांना लिंगवाल्याच्याच हातचं लागे. उरलेल्या तिघांना कुणाच्याही हातचं चालायचं, फक्त स्वतःच्या हातचं चालत नसे, कारण त्यांना काही करताच येत नव्हतं. हा गुंता सोडवायला कुणा जुन्या तालुकदारानं फायलीवर शेरा मारून ठेवला होता, की पार्टीला एक लिंगायत आचारी मंजूर. पुढं निजाम गेला, तालुकदार गेला, दफ्तरातली उर्दू जाऊन इंग्रजी आली. शेरा मात्र राहिला, आणि शेऱ्यावर हावगेप्पा राहिला.

तसं त्याचं घर संतपुराला होतं. बायको वारून पंधरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात धाकटा भाऊ बसवंतप्पा आणि त्याची बायको मल्लव्वा. माणसं सोन्यासारखी. हावगेप्पा वर्षातून एकदा जायचा, तर त्याला पाट मिळायचा, गरम पाणी मिळायचं, हातावर गूळ मिळायचा. तिसऱ्या दिवशी त्याचे हात शिवशिवायला लागत. तो चुलीकडं सरकला की मल्लव्वा म्हणायची, "भावजी, तुम्ही कामून उठलाव? बसा की. लोकं मला काय म्हणतील?" मग तो बसायचा. पाचव्या दिवशी रजा बाकी असताना परत यायचा. जन्मात त्याला एकच गोष्ट येत होती आणि त्या घरात तेवढीच करायची मनाई होती.

पोलीस कारवाईनंतर चौथ्या वर्षी, माघात, पार्टीचा मुक्काम कल्याणीच्या तळ्याजवळ होता. तिथं किशनराव साहेब सहा खोकी घेऊन आले.

किशनराव साहेब हैदराबादचे, तिशीतले, स्वच्छ मनाचे आणि स्वच्छ बुटांचे. इतका भला अधिकारी पार्टीला पूर्वी मिळाला नव्हता. आणि हावगेप्पाचं वाटोळं व्हायला भलाच अधिकारी लागणार होता, कारण वाईट अधिकाऱ्यांना जेवणासाठी आचारी लागतोच. नव्या राजवटीचा हुकूम होता, की वेठ बंद. गावाकडून फुकटचं लाकूड घ्यायचं नाही, फुकटचं दूध घ्यायचं नाही. पूर्वीचे साहेब असले हुकूम वाचून दाखवायचे आणि मग पाटलाला लाकडं सांगायचे. किशनराव साहेबांनी हुकूम वाचला आणि पाळला. तेव्हापासून गाडीत दोन हात उंच जळण वागवावं लागत होतं आणि बैलांचे खांदे सुजले होते.

"हे बघा," साहेबांनी पहिलं खोकं उघडलं. आत तांब्याएवढा, शेवाळी रंगाचा, घडीच्या पायांचा स्टोव्ह होता. वर झाकणासारखं बसलेलं पातेलं. "लष्कराच्या लिलावातले आहेत. लढाईत एकेक सोल्जर एकेक पाठीवर बांधून न्यायचा. कुठंही बसा, पेटवा, शिजवा, खा. माणशी एक."

"साहेब," साखळीवाला अप्पाराव म्हणाला, "ह्याच्यावर जेवून ते लढाई जितले, का हारले?"

अप्पाराव धनगराचा. मेंढरं विकून सरकारी साखळी धरली होती, पण जीभ अजून माळावरच होती. सगळे हसले. साहेबही हसले. मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि त्याचा अर्थ सांगितला. हावगेप्पापासून काही लपवून ठेवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी पार्टी कडगंचीला पोचेल. तिथं बडे साहेब येतील. प्रत्येक माणूस आपल्या स्टोव्हवर आपलं जेवण नीट करू शकला, तर गाडी बंद, आचारी बंद. मुक्काम गावच्या चावडीत, दप्तर पाठीवर. नाही जमलं, तर स्टोव्ह परत आणि सगळं जसं होतं तसं.

"तोपर्यंत दुपारचं ज्यानं त्यानं करायचं, प्रॅक्टिस म्हणून," साहेब म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ हावगेप्पा आहेतच. सर्वांनी इथं दस्तखत करा."

सहा जणांनी दस्तखत केलं. हावगेप्पाला दस्तखत करायला सांगितलं नाही, म्हणजे पुढं काय होणार ते त्याला आधीच कळायला हवं होतं.

भीमण्णा गाडीवानानं बैलांना पेंड देता देता सगळं ऐकलं होतं. त्याचं काही अडणार नव्हतं. गाडी त्याची स्वतःची, पार्टीचं सामान नाही तर तुरीची पोती ओढेल. म्हणून त्याचं डोकं शांत होतं.

"अण्णा, ह्यो खेळ तुम्ही जितलाव," तो म्हणाला.

"कसं काय?"

"ती यंतरं पेट्रोलची हायत. पेट्रोल हाय गुलबर्ग्याला. हितं मिळतंय रॉकेल. रॉकेलावर ती चालायची न्हाईत. तुम्ही फकस्त एक करा. काईच करू नका. हात मांडीखाली घालून बसा."

सल्ला सोपा होता. हावगेप्पाला तो पटलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बांधावर सहा स्टोव्ह मांडले गेले. रॉकेल भरलं, काड्या ओढल्या. सहा काळे धूर सरळ वर गेले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, सरकारनं एकाच वेळी सहा जणांना अग्नी दिला. अप्पारावची डावी भुवई गेली. तांदूळ टाकून बसलेल्यांचे तांदूळ पाण्यात बसून राहिले, आणि अर्ध्या तासानं जे निघालं ते खाताना दातांचा आवाज शेजारच्या शिवारात ऐकू गेला.

हावगेप्पा गाडीच्या सावलीत हात मांडीखाली घालून बसला होता. स्टोव्हचं दुखणं त्याला तिथूनच दिसलं. पेट्रोलाची नुसत्या धगीनं वाफ होते, रॉकेल आळशी. त्याला आधी मान तापवून द्यावी लागते आणि मागून दाब द्यावा लागतो. ही अक्कल पुस्तकातली नव्हती. पार्टीची गॅसबत्ती बावीस वर्षं तोच पेटवत आलेला. बत्ती आणि हा स्टोव्ह म्हणजे चुलतभाऊ. एक उजेड देतो, दुसऱ्यानं धग द्यायची, एवढाच फरक.

त्यानं हात मांडीखाली आणखी आत सारले.

तीन दिवस गेले. पार्टी आळंदच्या रस्त्याला लागली. काळ्या रानात ज्वारी हुरड्यावर आलेली, आणि सरकारची सहा माणसं दुपारी बांधावर बसून कच्च्या कण्या चावत होती. चौथ्या दिवशी सर्व्हेअर काशप्पा बाभळीखाली पोट धरून आडवा झाला.

काशप्पा पार्टीत सगळ्यात जुना, हावगेप्पाच्याच वयाचा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि पोटात दहा वर्षांचं दुखणं. त्याला काय पचतं आणि काय पचत नाही हे काशप्पाला स्वतःला माहीत नव्हतं. हावगेप्पाला माहीत होतं. मऊ कण्या, पातळ वरण, भाकरीचा पापुद्रा. आजवर त्याच्यावर तो तगला होता.

हावगेप्पा वाटीत सकाळचं वरण घेऊन बाभळीखाली गेला.

"घ्या. कोण बघायलंय?"

"नगं," काशप्पा कण्हत म्हणाला. "दस्तखत केलंय. दुपारचं ज्याचं त्यानं."

"मरताव की हो, काशप्पा!"

"मरतो तर मरतो. तुमची जागा तरी ऱ्हाईल." मग जरा वेळानं, कूस बदलून: "तुम्ही काई करू नका, हावगेअण्णा. मला ठावं हाय तुम्हाला येतंय. पर करू नका."

एवढ्यावर थांबला असता तर हावगेप्पा वाचला असता. पण माणूस पोट धरून 'करू नका' म्हणतोय आणि आपले हात मांडीखाली आहेत, हे त्याला जमेना. संध्याकाळची भाकरी आटोपल्यावर उजेड होता तोवर त्यानं काशप्पाचा स्टोव्ह उघडला.

किशनराव साहेबांच्या बूटपॉलिशची रिकामी डबी होती. तिचं झाकण मधोमध भोक पाडून स्टोव्हच्या मानेत वाटीसारखं बसवलं; त्यात रॉकेलात बुडवलेली चिंधी पेटवायची, म्हणजे मान तापते. साहेबांच्या सायकलची फाटकी ट्यूब होती. तिचा वॉल कापून टाकीच्या झाकणाला कथलाचा डाग देऊन जोडला, म्हणजे सायकलच्या पंपानं हवा भरता येते. तोंडाशी गॅसबत्तीचं काढून ठेवलेलं जुनं निपल बसवलं. वाऱ्याला आडोसा म्हणून रॉकेलच्या डब्याचा पत्रा वाकवून भोवती उभा केला. एवढंच काम. हात लावला नसता तर जन्मभर झालं नसतं, लावला तर घटकाभरात झालं.

"हे एवढंच," तो काशप्पाला म्हणाला. "तुमच्या पोटापुरतं. कुणाला बोलू नका."

काशप्पा बोलला नाही. बोलायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाच स्टोव्ह काळे धुरकटत होते आणि सहावा निळ्या ज्योतीनं नागासारखा फुत्कारत होता. असली गोष्ट लपत नाही.

अप्पाराव एका भुवईनं सगळं बघत उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "काशप्पाला तेवढं पोट, आन् आमाला काय गाडगं हाय व्हय?"

"अप्प्या, गप ऱ्हा. समजून घे जरा."

"समजलं की. पर माझ्या पोटाला कसं समजावू? तेला मराठी येत न्हाई."

तेवढ्यात किशनराव साहेब आले. त्यांनी निळी ज्योत बघितली, डबीचं झाकण बघितलं, स्वतःच्या ट्यूबचा वॉल ओळखला, आणि हावगेप्पाचे दोन्ही हात धरले.

"हावगेप्पा! अहो, दफ्तरातल्या इंजिनियरनं रॉकेलवर 'नामुमकीन' म्हणून लिहून दिलं होतं! हे तुम्ही केलंत?"

हावगेप्पा चोरी पकडल्यासारखा खाली बघत होता. साहेबांनाही मग त्याच्या जागेचं आठवलं. ते भले होते, त्यांचा चेहरा पडला. क्षणभरानं उजळला.

"फिकर नको," ते म्हणाले. "आचारी बंद झाला तर होऊ दे. मी लिहितो, पार्टीला एक स्टोव्ह-मिस्त्री पाहिजे. सहा यंत्रं आहेत, ती बघायला माणूस नको? तुम्हीच मिस्त्री. पार्टीतच राहाल."

हावगेप्पाच्या आयुष्यात आशा फार वेळा आली नव्हती, त्यामुळं ती ओळखायची कशी आणि तिच्यापासून लांब कसं राहायचं, हे त्याला माहीत नव्हतं. तो उठला. साहेबांनी आळंदच्या बाजारातून पाच वॉल, निपलं आणि कथील आणवलं. पुढच्या दोन दिवसांत सहाही स्टोव्ह फुत्कारायला लागले.

मग भाकरीचा प्रश्न आला.

लष्करानं स्टोव्ह केला तो भात आणि अंडी शिजवायला. ज्वारीची भाकरी त्याच्या स्वप्नातही नव्हती. ज्योत बारीक आणि तिखट. तवा ठेवला की मधोमध जळून काळा ठिपका आणि कडा कच्च्या. सहा जण कुरकुरले. भातावर तीन दिवस निघतील, जन्म कसा निघेल? हावगेप्पानं वारुळाची माती आणली. पत्र्याच्या दोन चकत्या, मध्ये बोटभर माती, कडा ठोकून बंद. ही चकती ज्योतीवर, तिच्यावर तवा. धग सगळीकडं सारखी पसरली. भाकरी फुगवायला निखारे नव्हते, तर जुन्या चाळणीची जाळी कापून दिली. चिंधी पूर्ण जळून ज्योत निळी झाल्याशिवाय भाकरी जाळीवर टाकायची नाही, नाहीतर रॉकेलचा वास लागतो, हेही घोकवून घेतलं. बाजारातून आणवलेला प्रत्येकाचा तवा लहान, म्हणून भाकरी तळहाताएवढी.

आता ती थापायची कुणी? सहा माणसं, वय पंचवीस ते चोपन्न, पातेल्याचं झाकण उलटं घालून पीठ थापायला बसली. रानातून जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून उभ्या राहायच्या. काशप्पाला नकाशात एक रेघ वाकडी गेली तर झोप लागत नसे, पण त्याची भाकरी म्हणजे तीन भावांत वाद असलेल्या शेताचा आकार. हावगेप्पा एकेकाच्या मागं उभा राहून सांगायचा. जुनं पीठ चिरा धरतं, आधणाचं पाणी घाला. बोटं न्हाई, तळवा. दाबू नका, फिरवा. तुझ्या बायकोला आठव, अप्प्या.

"बायकोला आठवलं की भाकरी करपती, अण्णा."

अप्पारावला मात्र हात होता. माळावर वाढलेला माणूस, बघून उचलायची सवय. चार दिवसांत त्याची भाकरी डोळे मिटून हावगेप्पाची म्हणावी अशी व्हायला लागली.

आणखी एक गोष्ट हावगेप्पानं केली. निपलात काजळी अडकली की स्टोव्ह मरतो. सुरुवातीला माणसं हाका मारायची आणि तो पिन घेऊन धावायचा. पण सहा स्टोव्ह बांधाच्या लांबीवर पसरलेले. पहिल्याकडून सहाव्याकडं जाईतो सहाव्याची भाकरी तव्यावर वाळून जायची. वाळलेली भाकरी हावगेप्पाला बघवत नसे. म्हणून त्यानं प्रत्येक स्टोव्हच्या पायाला दोऱ्यानं एकेक पिन बांधून दिली आणि ती कशी मारायची, निपल कसं फिरवून काढायचं, परत कसं बसवायचं, हे सहाही जणांना शिकवलं.

भीमण्णानं ते बघितलं आणि बैलाच्या पाठीवरचा हात काढला.

"अण्णा, तुम्ही मिस्त्री हुनार म्हणताव न्हवं?"

"व्हय. साहेबानं लिवलंय."

"मिस्त्री लागतो तो बिघडतंय तवर. तुम्ही तर बिघडायचं काई ठिवलंच न्हाई. एक स्टोव्ह तरी जरा ढिला ठिवा."

हावगेप्पानं विचार केला. खरोखर केला. त्या दुपारी एक निपल त्यानं अर्धा आटा सैल सोडलं आणि गाडीत येऊन बसला. बसवेना. दहा मिनिटांत परत जाऊन ते घट्ट केलं.

"ढिलं काम माझ्या हाताला येत न्हाई रे," तो भीमण्णाला म्हणाला. आवाजात अभिमान होता, तो त्यानं वेळीच गिळला.

कडगंचीला बडे साहेब जीपनं आले. चिंचेखाली खुर्ची टाकली होती. समोर सहा स्टोव्ह एका ओळीत, दोन हातांच्या अंतरानं. काशप्पानं साखळीनं मोजून लावलेले. किशनराव साहेबांनी शिट्टी वाजवली, चिंध्या पेटल्या, पंप एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि सहा निळ्या ज्योती एका सुरात बोलायला लागल्या. पाऊण तासात भाकरी, तुरीचं वरण, आणि अंबाडीची भाजी, जिला तिकडं पुंडीपल्ल्या म्हणतात. बड्या साहेबांनी प्रत्येकाच्या भाकरीचा एकेक तुकडा खाल्ला. मग अख्खी भाकरी मागून खाल्ली.

हावगेप्पा गाडीजवळ उभा होता. हात धुतलेले, टोपी सरळ.

"ही सगळी या माणसाची करामत," किशनराव साहेबांनी त्याला पुढं बोलावलं. "म्हणून माझा अर्ज आहे, यांना पार्टीत मिस्त्री म्हणून ठेवावं. नाजूक यंत्र आहे. रानात बंद पडलं तर माणसं उपाशी राहतील."

बड्या साहेबांनी मान हलवली. गोष्ट त्यांना पटत होती. हावगेप्पाला ती मान हललेली दिसली, आणि पुढचे काही क्षण तो मिस्त्री होता.

"बंद पडलं तर म्हणजे, किती वेळ लागतो दुरुस्तीला?" बड्या साहेबांनी सहज विचारलं.

किशनराव साहेब तोंड उघडणार, तोच अप्पारावला राहवलं नाही. अण्णाचं नाव निघालंय, अण्णाची तारीफ चाललीय, आणि आपण गप्प? तो चट्‌दिशी पुढं झाला.

"वेळ कशाचा, साहेब! आमच्या अण्णानं असं शिकवलंय की आंधळा बी करील. बघा!"

त्यानं स्वतःचा स्टोव्ह विझवला, निपल फिरवून काढलं, मुद्दाम त्यात मातीचा कण घातला, पिन मारली, फुंकलं, बसवलं, हवा भरली, पेटवला. बड्या साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"तीन मिनिटं," ते म्हणाले.

"ह्यो तर धनगर, साहेब!" शेजारचा म्हणाला. "मी दोनात करतो. अण्णानं मला आधी शिकवलंय."

मग ओळच लागली. एकेक जण अण्णाचं नाव घेऊन स्टोव्ह खोलत होता आणि जोडत होता. ज्याचा वेळ जास्त लागला त्याला बाकीचे हिणवत होते, अण्णाचं नाव घालवलंस म्हणून. काशप्पा शेवटी राहिला. त्याला कळलं होतं. तो स्टोव्हपुढं बसून राहिला, हात लावेना.

"तुम्हाला येत नाही?" बड्या साहेबांनी विचारलं.

काशप्पानं हावगेप्पाकडं बघितलं. नाही म्हटलं असतं तर मिस्त्रीची जागा कदाचित वाचली असती. नाही म्हणायला तो तयारही होता. तोंड उघडलेलं होतं. पण हावगेप्पाच्या कपाळाला आठी पडलेली त्यानं बघितली. बावीस वर्षं काशप्पाला ती आठी माहीत होती. बिघडलेल्या भाजीवर पडायची ती.

"येतंय," काशप्पा म्हणाला, आणि त्यानं दीड मिनिटात करून दाखवलं.

बडे साहेब खुर्चीतून उठले. हावगेप्पाचा हात हातात घेतला, साहेबी पद्धतीनं हलवला. "असा शिकवणारा मी बघितला नाही," ते म्हणाले. मग किशनराव साहेबांकडं वळून, अगदी साध्या आवाजात: "पण मग मिस्त्री कशाला?"

किशनराव साहेबांनी खिशातला आपला कागद काढून वाचला. मग तो घडी करून परत खिशात ठेवला. तेवढे ते प्रामाणिक होते.

बड्या साहेबांनी तिथल्या तिथं काशप्पाकडून स्टोव्हचा नकाशा काढवून घेतला. काशप्पानं तो त्याच्या रिवाजाप्रमाणं सुरेख काढला; डबीचं झाकण, वॉल, मातीची चकती, दोऱ्याची पिन, सगळं मापासकट, आणि वर झोकदार अक्षरात लिहिलं, 'हावगेप्पा नमुना'. बडे साहेब खूश झाले. जिल्ह्यात अशा आठ पार्ट्या आहेत, ते म्हणाले. आठांना हाच नमुना पाठवतो. आठांना आचारी आहेत, सगळे कमी करता येतील. हावगेप्पा त्यांतल्या पाच जणांना ओळखत होता. एकाची मुलगी त्यानंच दाखवून दिलेल्या घरी नांदत होती.

मिस्त्रीची जागा कशानं गेली ते जीप गेल्यावर अप्पारावला कुणीतरी सांगितलं. तो गाडीजवळ हावगेप्पाकडं आला.

"अण्णा, मला वाटलं..." तो म्हणाला.

"बराबर केलास," हावगेप्पा म्हणाला. "पिन मारताना मान जरा तिरपी धर. हात भाजला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमण्णानं गाडी भरली. तंबू, दोन पातेली, तवा, बत्ती, सगळं गुलबर्ग्याच्या दफ्तरात जमा करायचं होतं, आणि तिथून हावगेप्पानं संतपूरला. बसवंतप्पाला कार्ड गेलं होतं. मल्लव्वा पाट मांडणार होती.

पार्टीला पुढच्या गावी जायचं होतं, म्हणून न्याहरीला सहा स्टोव्ह लागले. हावगेप्पा सवयीनं उठला, आणि पातेली गाडीत बांधलेली बघून थांबला. स्टोव्ह सहा होते, माणसं सहा. सातव्यानं कुठं बसायचं हे कागदात नव्हतं. तो एका दगडावर बसला.

काशप्पानं लिंगपूजा आटोपली आणि आपल्या तव्यावरची पहिली भाकरी त्याच्यापुढं आणून ठेवली. आकार सुधारला होता. हावगेप्पानं ती खाल्ली. दुसऱ्या लिंगवाल्यानं आणली, तीही खाल्ली. तिसऱ्यानं आणली. बावीस वर्षांत या माणसांनी त्याला एकदाही काही करून वाढलं नव्हतं, आणि आता ती हट्टानं वाढत होती, पाहुण्याला वाढावं तशी.

अप्पाराव भाकरी हातात घेऊन आला, आणि चार पावलं अलीकडंच थांबला.

"तुम्हाला आमच्या हातचं चालत न्हाई न्हवं, अण्णा," तो म्हणाला. "इसरलोच."

चालत नव्हतंच. चोपन्न वर्षांत हावगेप्पानं लिंगवाल्याखेरीज कुणाच्या हातचं तोंडात घातलं नव्हतं. त्याच नेमावर तालुकदाराचा शेरा उभा होता, आणि शेऱ्यावर तो.

"आण," हावगेप्पा म्हणाला.

काशप्पानं मान दुसरीकडं वळवली. अप्पारावनं भाकरी दोन्ही हातांनी दिली आणि समोर उकिडवा बसला. हावगेप्पानं तुकडा मोडला. पापुद्रा नीट सुटला होता. त्यानं तो जिभेवर ठेवला आणि बावीस वर्षांचा आचारी जसा चाखेल तसा चाखायला लागला. रॉकेलचा वास शोधला. मध्ये कच्ची असेल म्हणून दाताखाली धरून बघितली. कडेला चीर असेल म्हणून अंगठा फिरवला. निदान पाणी कमी पडलं असेल, पीठ नीट मळलं नसेल.

"कशी झालीया?" अप्पारावनं विचारलं.

हावगेप्पा चावत राहिला.

"अण्णा, काय चुकलंय का? सांगा की. पुढं सांगायला कोण हाय?"

"थांब," हावगेप्पा म्हणाला, आणि त्यानं दुसरा तुकडा मोडला. भीमण्णानं बैल जुंपले होते. हावगेप्पा खात होता, शोधत होता, आणि त्याला सांगण्यासारखं काहीच सापडत नव्हतं.